एकटीच्या गटात

अहिररावबाईंकडे मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर नव्याने राहायला आल्या होत्या आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी आमच्या टीव्हीवर आडव्या रेघा नाचायच्या. दार उघडंच होतं. पन्नाशीच्या बाई हेडफोन लावून, डोळे मिटून बसल्या होत्या. उजव्या हाताची बोटं टेबलावरच्या तारयंत्राच्या पितळी कीवर चालत होती. मग हेडफोन काढून त्या शांतपणे म्हणाल्या, "रेडिओवर जपान होता. बोला वहिनी, काय बिघडवलं मी तुमचं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन आमच्या टीव्हीची वायर एका काळ्या कड्याभोवती गुंडाळून दिली आणि रेघा गेल्या. सोसायटीच्या अध्यक्षांचं मात्र तेवढ्याने भागलं नाही. बाईंनी गच्चीवर लावलेल्या अँटेनामुळे वीज पडेल, ती उतरवा, असं त्यांनी सभेत सांगितलं. बाईंनी सरकारी परवाना सगळ्यांसमोर वाचला, अर्थिंग कसं केलंय ते समजावलं आणि खाली बसता बसता आपल्या नामपूरच्या बोलीत म्हणाल्या, "तार आठेच राही." चिडल्या की त्या अहिराणीत शिरत. अँटेना तिथेच राहिली.

त्यांची सगळी नोकरी तारघरात झाली. मोर्सच्या कट्ट-कडकट्टवर पंचवीस वर्षं हात बसलेला. मग नवी यंत्रं आली आणि बाईंना पोस्टाची तिकिटं विकायच्या खिडकीवर बसवलं. "ऑफिसनं माझी की काढून घेतली, म्हणून मी घरी दुसरी आणली," असं त्या सांगत. हौशी रेडिओची परीक्षा देऊन त्यांनी परवाना काढला आणि स्पर्धांत उतरल्या. ही स्पर्धा म्हणजे ठरलेल्या दोन दिवसांत जगभरातली जास्तीत जास्त केंद्रं आपापल्या रेडिओवर गाठायची, एकमेकांना खूण आणि क्रमांक पाठवायचा, तो वहीत अचूक टिपायचा. ऐकण्यात एका अक्षराची चूक झाली तरी परीक्षक तो संपर्क बाद करतात. बाई नेहमी एकट्याच्या गटात उतरायच्या. त्यात ऐकणं, पाठवणं, लिहिणं, सगळं एकाच माणसाने करायचं असतं. शहरातल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींकडे संगणक होते, मोठाले सेट होते. बाई पेन्सिल आणि वही घेऊन त्यांच्या बरोबरीने, कधी पुढेही असायच्या.

दोन हजार साल उलटल्यावर एका उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं महिन्याभरात परतलं, चालणंही काठीने जमू लागलं. उजवा हात मात्र गेला. दिवाळीनंतर हॅम क्लबची मंडळी फळं घेऊन भेटायला आली. त्यांच्यातल्या ज्येष्ठांनी फार प्रेमाने सुचवलं की या वर्षी बाईंनी नुसतं ऐकावं, पितळी की ते स्वतः चालवतील, वही शेजारीण म्हणून मी लिहावी, आणि नाव सांघिक गटात घालावं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग त्यात मी कुठे?" त्यांनी विचारलं.

मंडळींनी फळं टेबलावर ठेवून निरोप घेतला. ते गेल्यावर बाईंनी की उचलून टेबलाच्या डाव्या बाजूला बसवायला घेतली. स्क्रू फिरवायला त्यांना अर्धा तास लागला.

शनिवारी, आपल्याकडच्या सकाळी साडेपाचला स्पर्धा सुरू झाली. मी थर्मास घेऊन शेजारच्या खुर्चीवर बसले होते. वही चिमट्यांनी टेबलाला पक्की केलेली. डाव्या हाताने की दाबायची, थांबायचं, पेन्सिल उचलायची, शिशुवर्गातल्यासारखं वाकडंतिकडं लिहायचं, पेन्सिल ठेवून पुन्हा कीवर यायचं. तेवढ्यात समोरचा कंटाळून निघून जायचा. पहिल्या तासात तीन केंद्रं लागली. पूर्वी तेवढी पाच मिनिटांत व्हायची. दुपारी पेन्सिल घरंगळून खाली पडली आणि मी वाकले.

"हात लावू नका, वहिनी."

पेन्सिल उचलायला नियमाची काय आडकाठी, असं मी म्हटलं.

"नियमाची नाही. माझी आहे."

टेबलाच्या पायाला धरून त्या वाकल्या, पेन्सिल घेऊन वर आल्या. कपाळावर घाम होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण माझे डोळे भरले होते आणि ते त्यांना चाललं नसतं.

रविवारी फिनलंडचा एक जण लागला. बाईंचा चेहरा एकदम कडक झाला. काय झालं, म्हणून मी विचारलं.

"मी हळू पाठवते म्हणून हाही हळू पाठवतोय. माझा हात लुळा आहे, कान नाहीत."

त्यांनी त्याला वेग वाढवायची खूण पाठवली. मग हेडफोनच्या कडेतून मलाही ऐकू आला तो आवाज, कढईत मोहरी तडतडावी तसा. बाईंनी डोळे मिटले. सगळं थांबल्यावर पेन्सिल उचलून त्यांनी ते एका दमात वहीत उतरवलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या हसल्या.

सोमवारी पहाटे स्पर्धा संपली तेव्हा वहीत शहाण्णव केंद्रं होती. आदल्या वर्षी सहाशेच्या वर होती. काही महिन्यांनी निकाल आला. यादीत बाईंचं नाव पार तळाशी. पण परीक्षकांनी त्यांचा एकही संपर्क बाद केला नव्हता. क्लबमधल्या दुसऱ्या कोणाचीच वही तशी स्वच्छ उतरली नव्हती. मी पेढे आणू का म्हणाले, तर म्हणाल्या, "तळाला आल्याचे पेढे कसले? पुढच्या वर्षी दीडशे." पुढच्या वर्षी त्यांनी एकशे त्रेसष्ट केली.

आणखी एक हिवाळा त्या खेळल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात दुसरा झटका आला, त्यातून उठल्या नाहीत.

क्लबच्या पत्रिकेसाठी त्यांच्यावर चार ओळी छापायच्या होत्या. चिटणीसांनी मजकूर तयार करून, एकदा नजर घाला म्हणून माझ्याकडे पाठवला. माणूस चांगला, लिहिलंही मनापासून होतं. सुरुवात होती, "दुर्धर आजार असूनही जिद्दीने स्पर्धेत भाग घेणाऱ्या." मी पेन्सिल घेतली आणि "दुर्धर आजार असूनही जिद्दीने" एवढं खोडून परत पाठवलं. चिटणीसांचा फोन आला, वहिनी, मग उरतं काय?

मी म्हटलं, "स्पर्धेत भाग घेणाऱ्या. तेवढंच छापा."