मागचा डावा

कुरकुंभच्या कारखान्यात मी कंप्रेसर हाऊसला होतो, तेव्हा स्पीकरचे पाच डबे आणि एक वूफर घरी आणायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. दौंडमध्ये घर बांधून दोन वर्षं झाली होती. घरात नवा टीव्ही होता, मुलीच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलेला कॉम्प्युटर होता आणि त्यावर तिच्यापेक्षा जास्त वेळ मीच बंदुकीचा गेम खेळत बसायचो. टीव्हीवर कोण काय बोलतंय ते मला दबल्यासारखं यायचं. बायको म्हणायची, आवाज एवढा मोठा असतो की शेजारचे त्यांच्या घरात बसून आपला सिनेमा बघतात. मी म्हणायचो, मोठा असून काय उपयोग, साफ पाहिजे.

दौंडच्या दुकानदारानं खोकं उघडून दाखवायलाच नकार दिला, म्हणून शिरूर गाठलं. तिथं एका चाचांचं दुकान होतं. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, आता टीव्ही-डीव्हीडी विकायचे. दुकानाच्या मागं त्यांनी एक खोली केली होती, भिंतींना जाड पडदे, मध्ये एक खुर्ची. गिऱ्हाइकानं खुर्चीत बसायचं आणि ऐकायचं. पुढं दोन डबे, मध्ये बोलण्याचा एक, मागं दोन आणि कोपऱ्यात वूफर. मी खोक्यावरचे वॅट वाचायला लागलो तर चाचा म्हणाले, "वॅट नका बघू भाऊ. त्यो आकडा छापणाऱ्याचा असतो. पिक्चरमधी कुणी कुजबुजलं तर कळतंय का, तेवढं बघा."

त्यांनी रिमोटवरचं टेस्टचं बटण दाबलं. एकेका डब्यातून पाळीपाळीनं नुसता श्श असा आवाज यायला लागला. पुढचा डावा, मधला, पुढचा उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. माझं सगळं लक्ष मागच्या दोघांवर, कारण पैसे मोजायचे ते त्यांच्यासाठीच. मागचा उजवा कसा खणखणीत, आणि मागचा डावा पार दबलेला. मी तसं सांगितलं. चाचांनी दुसरा सेट जोडला. त्याचाही मागचा डावा दबलेला. तिसऱ्याचा किंचित बरा वाटला. खरं तर चौफुल्याकडं जाणारी गाडी सुटायची वेळ झाली होती, म्हणून बरा वाटला असेल. तो घेऊन आलो.

घरी आणून लावला आणि माझी झोप उडाली. मागचा डावा दबलेलाच. मी टेपनं अंतर मोजलं, डबा वीतभर वर घेतला, वायर बदलली, कपाट सरकवलं, पडदा काढला. जेवता जेवता उठून बटण दाबायचो. बायकोनं दोन दिवस सोसलं आणि मग मागच्या डब्यांकडं बोट दाखवून म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली." मी हसलो नाही. साप्ताहिक सुट्टीला डबा पिशवीत घालून पुन्हा शिरूरला गेलो.

चाचांनी वाद न घालता डबा बदलून दिला. घरी लावला. तेच. माझा पारा चढला. कंपनीला शिव्या घातल्या, चाचांना घातल्या, भिंत बांधणाऱ्या गवंड्यालाही घातल्या. बायको कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." ते मला फार लागलं. का लागलं ते सांगतो.

कारखान्यात वर्षातून एकदा मेडिकल असायचं आणि त्यात कंप्रेसरवाल्यांच्या कानाची तपासणी. काचेची खिडकी असलेल्या छोट्या केबिनमध्ये बसवायचे, डोक्याला हेडफोन. बाहेरचा टेक्निशियन बटण दाबणार, बारीक पीप वाजलं की आपण हात वर करायचा. तिथं आमच्याकडे जुनी विद्या होती. नव्या ऑपरेटरला पहिल्या वर्षीच शिकवली जायची: आवाजाकडं लक्ष देऊ नको, त्याच्या खांद्याकडं बघ. बटण दाबताना खांदा हलला की हात वर. कानात घालायचे प्लग आम्ही दोरीनं गळ्यात ताईतासारखे बाळगायचो आणि सेफ्टीवाला येताना दिसला तरच कानात घालायचो. मशीनचा आवाज ऐकूनच तर मशीन चालवायची, असं आम्ही म्हणायचो. प्रेशरचे काटे उजव्या भिंतीवर होते. म्हणजे दहा वर्षं काट्यांकडं बघत उभं राहताना मशीनकडं कायम माझा डावा कान होता.

दर वर्षी मी पास व्हायचो. गंमत अशी की खांदा बघून पास झालो हे मीच विसरून गेलो होतो. कागदावर कान उत्तम, म्हणजे कान उत्तम. त्या वर्षीचं मेडिकल तीन आठवड्यांवर आलं होतं आणि मी एका डब्यासाठी दौंड-शिरूर करत होतो. आत कुठंतरी कळत असावं. नाहीतर माणूस एका डब्यासाठी एवढा पिसाळत नाही.

तिसऱ्या फेरीला चाचांनी मला खुर्चीत बसवलं, टेस्ट लावली आणि मग माझ्यासमोर मागच्या दोन डब्यांची अदलाबदल केली. उजवा डावीकडं, डावा उजवीकडं.

"आता?"

"आता हा दबलाय," मी डावीकडं बोट केलं. नुकताच खणखणीत वाजलेला डबा होता तो.

चाचा थोडा वेळ वायर गुंडाळत बसले. "भाऊ, कामाला कुठं असता?"

"कुरकुंभला. कंप्रेसरवर."

"हां," ते म्हणाले आणि नवा डबा पिशवीत घातला. "ह्यो बी घेऊन जा. फक्त एकट्यानं ऐकू नका. घरच्या कुणाला तरी खुर्चीत बसवा आन् इचारा."

मला राग आला. दुकानदारानं दुकानदारी करावी, असं काहीतरी पुटपुटत मी निघालो. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन न्हावऱ्यापर्यंत चाचांना उत्तरं देत बसलो, मनातल्या मनात. घरी येऊन कुणालाही खुर्चीत बसवलं नाही. उलट डबे कॉम्प्युटरला जोडले आणि आवाज वाढवून गेम खेळायला बसलो. मुलगी शेजारी उभी होती. "पप्पा, मागून येतोय, डावीकडून," ती म्हणाली. मला पावलं उजवीकडून ऐकू आली, तिकडं वळलो आणि मेलो. दुसऱ्यांदाही तसंच मेलो. तिसऱ्यांदा ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. मला गेमपेक्षा त्या बघण्याची भीती वाटली.

त्याच आठवड्यात केंदूरहून वडील चार दिवस राहायला आले. आबांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलेलं, जमीन कसायला लागले ते नंतर. दोन दिवस ते भिंतीला टेकून माझे चाळे बघत होते. तिसऱ्या दिवशी, मी स्टुलावर चढून डबा हलवत असताना, म्हणाले, "मागं कशापायी लावल्यात ही डबडी?"

"मागचा आवाज मागूनच यावा म्हणून, आबा."

"मंग बराबर हाय. लांडगा काय म्होरनं येतो व्हय."

मला बरं वाटलं. निदान एकाला तरी मुद्दा कळला. मी बटण दाबलं, पाचही डबे वाजून गेले. "मागचा डावा दबलाय ना?"

"न्हाई. समदी सारखी हायेत."

"आबा, तुमचं वय झालं आता."

त्यांनी ते मनावर घेतलं नाही. "खुर्ची फिरव," म्हणाले. "दाराकडं तोंड करून बस आन् पुन्यांदा वाजव."

त्यांचं मन राखायला फिरवली. बटण दाबलं. महिनाभर ज्या डब्यानं माझा जीव खाल्ला होता, तो आता समोर उजवीकडं आला होता आणि खणखणीत वाजत होता. माझ्या डाव्या अंगाला आलेला, आजवर चांगला असलेला डबा दबून गेला होता. मी पुन्हा फिरलो, पुन्हा वाजवलं. पुन्हा उलटा फिरलो. डबा बदलत नव्हता, मी जिकडं वळेन तिकडं माझ्या डावीकडचं दबत होतं.

आबा म्हणाले, "कळपात एका कानाची मेंढी आसली की ती कायम येकाच कडंनं चालती. चांगला कान कळपाकडं ठिवून. तू घरात आला की ह्या भितीला बसतो, आमी समदी तुझ्या उजव्या अंगाला. मला पयल्याच दिशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला डबं बदलायचं व्हतं. म्हनलं, बदलू दे."

मला रडू आलं, खरंच आलं, आणि ते लपवायला मी रिमोटचे सेल काढून परत घातले. थोड्या वेळानं विचारलं, "अशा मेंढीचं काय करायचा तुम्ही?"

"करायचं काय? कडंला ऱ्हाऊ द्यायची न्हाई. मधी घ्यायची."

त्या दिवसापासून जेवताना मुलगी माझ्या डाव्या बाजूला बसायला लागली. तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. डबा काही शिरूरला परत गेला नाही. गेममध्ये मी मेलो तर मरायचो.

पंधरा दिवसांनी मेडिकल आलं. रांगेत सगळे एकमेकांना खुणावत होते, यंदाचा टेक्निशियन जुनाच आहे, खांदा चांगला हलवतो. नाव कापतील, कंप्रेसरवरून काढून दिवसपाळीच्या पॅकिंगला टाकतील, ही भीती प्रत्येकाला होती आणि मलाही होती. त्या मशीनवर मी दहा वर्षं उभा होतो, दुसरं काही मला येत नव्हतं. केबिनमध्ये गेलो, हेडफोन घातला आणि खिडकीकडं तोंड करून बसलो. मग डोळे मिटले.

उजव्या कानात पीप आलं. हात वर केला. पुन्हा आलं, आणखी बारीक. पुन्हा केला. मग सगळं थांबलं. मी वाट बघत राहिलो. कधी नव्हे ती अशी शांतता, आणि मी मांडीवर हात ठेवून डाव्या कानाची पाळी यायची वाट बघत होतो. दार उघडल्याचा वारा लागला म्हणून डोळे उघडले. टेक्निशियन दारात उभा होता.

हेडफोन काढून मी म्हणालो, "झोपलो नाही. डावीकडचं वाजवा, मी ऐकतोय."

तो म्हणाला, "कवाधरनं वाजवतोय की."