दोस्ताला घरी पोचवताना

आम्ही दोघं एकाच बंकरमध्ये राहायचो. मी पहूरचा, तो शिंदखेड्याच्या पुढच्या एका खेड्यातला. सुरुंगावर पाय पडून तो गेला, तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. "तू त्याच्या मुलखातला. घरी पोचवायला तूच जा. पेटी मात्र उघडू द्यायची नाही."

विमानतळापासून मी पेटीजवळच बसून आलो. धुळे सोडलं आणि पाऊस लागला. गावाच्या अलीकडच्या नाल्यावरचा फरशी पूल वाहून गेला होता. आमचा ट्रक तिथंच अडला. तालुक्याचे एक अधिकारी छत्री धरून पुढे आले.

"इथंच शाळेच्या मैदानावर मानवंदना देऊ. आईला पलीकडची माणसं हात धरून इकडे आणतील."

"नाही साहेब. सुट्टीवर आला की तो घरीच जायचा. आजही घरीच जाईल."

ते काही म्हणायच्या आत पलीकडची माणसं पाण्यात उतरली. कुणी विहिरीवरचा दोर आणला, तो दोन्ही काठांना बांधला. आम्ही जवानांनी पेटी खांद्यावर घेतली. पाणी कमरेला लागत होतं, ओढही होती. मधोमध माझा पाय घसरला, तशी मागच्या एका आबांनी माझा पट्टा घट्ट धरला. "चाल, मी शे मांगे," ते म्हणाले. पेटीला नाल्याचं पाणी लागू दिलं नाही.

त्याची आई दारातच उभी होती. पेटी अंगणात ठेवली, तशी ती झाकणावरचा हार बाजूला सारू लागली. मी तिचा हात धरला.

"अक्का, उघडता येणार नाही."

ती म्हणाली, "तुनी सोता दखं का त्याले? मनाच पोऱ्या शे ना?"

वाटभर मला या प्रश्नाचीच धास्ती होती. खोटं बोलायचं नव्हतं आणि सगळं सांगायचंही नव्हतं.

"तोच आहे, अक्का. मी पाहिलंय. शेवटची वर्दी मीच चढवली. बटणंही मीच लावली."

तिनं पदरानं झाकणावरचं पावसाचं पाणी पुसलं, हार पुन्हा सारखा केला.

"मंग उचला," ती म्हणाली. "बठ्ठं गाव वाट दखी ऱ्हायनं." सगळं गाव अंगणाबाहेर थांबलं होतं.

अंत्ययात्रेत ती पेटीच्या पुढे चालली. कुणी तिला अडवलं नाही.