खापरपणजोबांची भात गिरणी

संशोधकाने कोणावरही विश्वास ठेवू नये. हे मला बँकेतून निवृत्त होऊन पीएच.डी.ला बसल्यावर, एकसष्टाव्या वर्षी कळलं. (बँकेत जन्म घालवूनही कळू नये, हे विशेष!)

विषय घोटीचा भात व्यापार. तिसरं प्रकरण आमच्या खापरपणजोबांवर. घोटीतली पहिली भात गिरणी म्हणे त्यांचीच! छापण्याआधीच मी ते सगळ्या नातेवाईकांना वाचून दाखवलं. आत्या तर अभिमानाने ढसाढसा रडली.

आमच्या गाइड मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, याला आधार?"

"एक सोडून तीन!" मी छाती फुगवली. "चुलतभावाने छापलेला कुळवृत्तांत, पेपरच्या पुरवणीतला लेख आणि आत्याची मुलाखत."

"लेख कशावरून लिहिलाय?"

"कुळवृत्तांतावरून."

"आणि आत्यांना कोणी सांगितलं?"

"चुलतभावानेच."

"म्हणजे तीन नाही, एकच. तेही दुय्यम साधन. सोमवारपर्यंत प्राथमिक साधन आणा, नाहीतर प्रकरण गाळा."

गाळा! अहो, आत्याला काय तोंड दाखवू?

चुलतभावाला फोन लावला. तो उखडलाच. "रामकुंडावरच्या आपल्या गुरुजींच्या वहीतून उतरवलंय मी. काय थापा मारतो की काय!"

झालं काम! घराण्यातलं कोणीही विधीला गेलं की त्या वहीत पूर्वजांची नावं लिहून सही करतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा अस्सल कागद. मी बायकोला साक्षीदार म्हणून नेलं. (घोडचूक.)

गुरुजींनी पान काढून वाचलं, "कैलासवासी सखाराम, घोटीतील पहिल्या भात गिरणीचे संस्थापक."

"बघितलंस?" मी बायकोला म्हणालो.

"बघतेय ना. अहो, पण हे अक्षर तुमचं आहे. खाली सहीसुद्धा!"

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माझंच! आजोबांच्या दहाव्याला वडील म्हणाले होते, "तुझं अक्षर चांगलंय, तू लिही." मी तेव्हा कॉलेजात. नुसती नावं मिळमिळीत वाटली, म्हणून जरा फोडणी घातली आणि विसरून गेलो!

गुरुजींनी शांतपणे मागची पानं उलटली. तिथे खुद्द खापरपणजोबांचा अंगठा. शेजारी त्या वेळच्या गुरुजींच्या हातचं, 'सखाराम, राहणार घोटी, भात गिरणीत हमाल.'

मॅडम मात्र खूश. "काका, हे खरं प्राथमिक साधन! प्रकरण ठेवा, हमालांवर लिहा. आणि आधीची चूक कोणी केली, ते तळटीपेत नावानिशी येऊ द्या."

आलं. तेही आत्याला वाचून दाखवलं. ती परत रडली. या वेळी माझ्या नावानं!