शरणप्पा सरांचं रान

शरणप्पा सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते उलटे होते. लातूरच्या शाळेत मी नुकताच मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. चाकूरच्या रस्त्याला आमची एस.टी. पंक्चर झाली आणि सगळे उतारू खाली उतरून ड्रायव्हरला चाक कसं बदलायचं ते शिकवू लागले. मी बांधाकडे वळलो. तिथं पायजमा-सदऱ्यातले एक गृहस्थ कमरेत वाकून स्वतःच्याच दोन पायांमधून मोकळ्या रानाकडे पाहत होते. ऊन लागलं असेल म्हणून मी धावत गेलो. त्यांनी तसंच वाकलेल्या अवस्थेत विचारलं, "कोण?"

"मी शाळेतला नवा शिक्षक. मराठीचा."

"मी चित्रकलेचा. या, वाका."

मी वाकलो. नोकरी नवी होती.

"काय दिसून राहिलं?"

"उलटं रान."

"रान म्हणू नका सर! नाव घेतलं की डोळा तिथंच बसकण मारतो. निस्ता रंग सांगा."

मला फक्त खिशातून पडलेलं माझं पेन दिसलं. ते निळं होतं, तसं मी सांगितलं. सर इतके खूश झाले की त्यांनी तिथंच माझी पाठ थोपटली.

सर मूळचे उदगीरचे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावले की उर्दू. दर रविवारी त्यांची सायकल एस.टी.च्या टपावर चढे आणि ते कुठंतरी माळावर उतरत. सायकलीच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या पट्टीनं प्लायवूडची फळी आवळलेली असे. छत्री रोवायला बाभळीची काठी, बसायला सुताराकडून करून घेतलेलं तिपाई स्टूल, आणि रंगांसाठी आजोबांचा पितळी पानाचा डबा. चुना-कात-सुपारीच्या कप्प्यांत पिवळा, गेरू आणि निळा नांदत. कागद मात्र नांदेडहून आणलेलाच लागे, जाड आणि खरखरीत. चित्र काढायला वाकले की गळ्यातलं इष्टलिंग ओल्या कागदावर लोंबू नये म्हणून ते आधी सदऱ्याच्या खिशात ठेवीत. कपाळाच्या भस्मावर दुपारपर्यंत हमखास एखादं निळं बोट उमटलेलं असे. घरी जाईपर्यंत त्यांना ते कोणी सांगत नसे, आणि घरी सांगायला त्यांची बायकोच होती.

वर्गात त्यांचं एकच दुःख होतं. "देखावा काढा" म्हटलं की साठच्या साठ पोरं दोन डोंगर, त्यांच्या मधून सूर्य, खाली नदी आणि काठाला नारळ काढत. ज्या गावाच्या शिवारात टेकाडसुद्धा नव्हतं, तिथल्या पोराच्या वहीत समुद्र असे. "अरे, हा नारळ कुणी पाहिलाय का झाडावर?" सर विचारत. "मारुतीपुढं फुटलेलाच पाहिलाय की तुम्ही!" पण खरं सांगायचं तर सरही तेच करीत होते. माळावर जाऊन बसत, समोर करडी जमीन असे, आणि कागदावर पाण्याचे लोंढे सोडून तलम निळं आभाळ आणि हिरवळ उतरवत. चित्रं सुंदर होती. फक्त ती कुठली आहेत हे विचारायची सोय नव्हती.

मग लातूर जिल्हा झाला. गावभर कमानी उभ्या राहिल्या. काही कमानींखालून जायला रस्ताच नव्हता, पण कमान होती. पाट्यांवरच्या जुन्या जिल्ह्याच्या नावावर चुना फिरला. जिल्हा नवा होता, पाऊस मात्र जुन्याच सवयीचा निघाला. तो आलाच नाही.

त्या उन्हाळ्यात एका गावाबाहेर सर चित्र काढत बसले होते. पाणी संपलं म्हणून तांब्या घेऊन हापशावर गेले. तिथं घागरींची लांब रांग होती. एक बाई म्हणाली, "गुरुजी, प्यायला पायजे का?"

"न्हाई बाई, ब्रश धुवायला."

बाईनं त्यांच्या हातातला तांब्या नीट न्याहाळला. मग म्हणाली, "आमी भांडी राखेनं घासून राहिलो, अन् तुमचा ब्रश लई सोवळ्याचा हाय व्हय!" रांग हसली. सर तांब्या रिकामाच घेऊन परतले.

पुढच्या रविवारपासून ते घरून एक वाटीभर पाणी बाटलीत घालून नेऊ लागले. तेवढ्यात चित्र पुरं करायचं. पहिली चारपाच चित्रं वाया गेली. गरम वाऱ्यात रंग पसरण्याआधीच वाळे. सर चिडचिडे झाले. आणि मग एका भर दुपारी ते आमच्या दारात सायकल आडवी टाकून ओरडले, "सर! ढेकूळ सापडलं! ढेकूळ!"

आमची बायको आतून म्हणाली, "ढेकूण सापडला तर एवढं ओरडायचं कशाला? आमच्याकडं काय कमी आहेत?"

सरांना ऐकूच आलं नाही. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. जवळजवळ कोरडा ब्रश त्या खरखरीत कागदावर घासला होता. रंग फक्त कागदाच्या उंचवट्यांवर धरला होता, खोलगट जागा कोऱ्या राहिल्या होत्या, आणि समोर नांगरलेलं रान होतं. एकेक ढेकूळ उचलून घ्यावं असं. विटकरी, करडा, जांभळट काळा, उन्हानं पांढरा पडलेला भुरा. मी त्या जमिनीवरून रोज जात होतो आणि तिला एकच रंग आहे असं समजत होतो.

"बावीस वर्षं पाणी ओतलं," सर म्हणाले. "अन् पाणी गेल्यावर चित्र आलं!"

त्यानंतर त्यांना आवरणं कठीण झालं. कानडीत 'साकु' म्हणजे पुरे. चित्र काढताना ते मध्येच स्वतःला दटावत, "साकु, शरणप्पा, साकु!" आणि ब्रश खाली ठेवत. "ब्रश उचलाया कुणालाबी येतं," ते म्हणत, "ठेवाया कोण शिकवंल?"

अशात नव्या कचेरीच्या सभागृहासाठी आपल्या जिल्ह्याचं एक मोठं चित्र हवं, असं एका स्वागत समितीनं ठरवलं. सरांना बोलावणं आलं. शाळेच्या व्हरांड्यापलीकडे त्यांचं चित्र कधी कुठं लागलं नव्हतं. त्यांनी नवा सदरा शिवला, उदगीरला बहिणीला पत्र टाकलं, आणि तीन रविवार खपून चाकूरकडचं ते रान चार हात रुंद कागदावर काढलं. पदरच्या पैशांनी चौकटही करून घेतली.

समितीचे सचिव चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. "कला उत्तम आहे. पण मास्तर, पाहुणे येणार. देखावा पाहिजे. जरा हिरवं टाका. एक ओढाही वाहू द्या."

"ओढा हाय की साहेब. हा काय. कोरडा हाय."

"रंगात कोरडा कशाला ठेवता?"

आम्ही चित्र घरी आणलं. सरांनी हिरव्यात ब्रश बुडवला आणि तो कागदापासून बोटभर अंतरावर धरून बसले. थोरामोठ्यांच्या थाटावर मी जन्मभर हसत आलो, पण त्या दिवशी मीच म्हणालो, "टाका हो दोन हात. कोण बघतंय? एवढी वर्षं वाट पाहिलीत."

"तेच की," सर म्हणाले. "हिरवं लावलं तर भिंतीला लागतंय. न्हाई लावलं तर न्हाई." "पर सर, ज्याचं रान हाय त्यानं बघितलं तर? त्याच्या रानात न उगवलेलं मी कुठून दाखवू? साकु." आणि त्यांनी ब्रश पुसला. चित्र होतं तसंच कचेरीत पोचतं केलं.

सभागृहात धबधबा लागला. देवदार, बर्फ आणि दोन हरणं, सगळी लातूर जिल्ह्याची. सरांचं चित्र कुठं गेलं ते कोणी सांगेना. महिन्याभरानं ते मला घेऊन कचेरीत गेले. चित्र परत मागायचं होतं. शिपायानं बोटानं दाखवलं: बाहेरच्या व्हरांड्यात, अर्ज घेऊन आलेल्या लोकांच्या बाकांच्या वर. भिंतीला तिथं रिकामा खिळा होता म्हणे.

चित्रापुढं तीन-चार पटकेवाले उभे होते. आम्ही मागं थांबलो.

"हे आमच्या चुलत्याचं रान हाय," एक जण म्हणत होता.

"गप रे! तुझ्या चुलत्याचं एवढं काळं कुठं हाय? हे वरल्या अंगाचं. खडक बघ की, वर आलाय."

"कुणाचंबी असू द्या," एक म्हातारा कागदाच्या अगदी जवळ नाक नेऊन म्हणाला, "गडी शहाणा हाय. उताराला आडवी नांगरट केलीया. उद्या पाऊस पडला तर थेंब वाहून जायचा न्हाई. तयार हाय हे रान."

मी सरांकडे पाहिलं. आपण काय काढलंय हे त्यांना आत्ता कळत होतं. मी पुढं होऊन, हेच ते चित्रकार, असं सांगणार होतो. सरांनी माझा दंड असा चिमटीत धरला की मी गप्पच बसलो. ते नकळत पुढं सरकले होते. चित्र परत मागायचं ते विसरले असावेत.

म्हाताऱ्यानं मान वळवली. "ओ गुरुजी," तो वैतागून म्हणाला, "जरा बाजूला व्हा की. रानावर सावली पडून राहिली तुमची."

सर झटकन बाजूला झाले. इतक्या आनंदानं बाजूला होणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.