नाइट करून निजलेला माणूस

लग्न होऊन दौंडला आले तेव्हा मला पत्त्यांतलं काही म्हणजे काही येत नव्हतं. माहेरी न्हावऱ्याला पत्ते म्हणजे पारावरच्या रिकामटेकड्यांचा उद्योग. बाईमाणसानं कॅटाला हात लावला असता तर आईनं उलथण्याचा चटका दिला असता. इथं रेल्वेच्या चाळीत मात्र दुपारची भांडी झाली की बायका ओट्यावर जमायच्या आणि कॅट पिसला जायचा. बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं असतील ती. महिन्याभरात मी इतकी तरबेज झाले, की माहेरी गेले तरी हात शिवशिवायचे.

खेळ एकच, चॅलेंज. पत्ते पालथे टाकायचे आणि तोंडानं सांगायचं, तीन राण्या. राण्या असोत की दुर्री-तिर्री. कुणाला संशय आला तर तिनं ‘चॅलेंज’ म्हणायचं आणि पत्ते उलटायचे. थाप निघाली तर टाकणारीनं सगळा ढीग उचलायचा, खरं निघालं तर संशय घेणारीनं. लोकांना वाटतं यात जिंकण्याची मजा असते. कसली जिंकण्याची? सासूला, नवऱ्याला, दिराला दिवसभर हिशेबानं खरं बोलून दमलेल्या बायांना तासभर राजरोस खोटं बोलायला मिळायचं, ही मजा. मला तर खोटं पचलं की जेवणापेक्षा बरं वाटायचं.

फक्त सगळं कुजबुजत चालायचं. चाळीतली निम्मी माणसं रात्रपाळीची, त्यामुळे दिवसा झोपलेली. दाराबाहेर बूट दिसले की आत माणूस नाइट करून निजलाय असं समजायचं. मग त्या दारासमोर धुणं आपटायचं नाही, पोरांना हाक मारायची नाही. भाजीवालीसुद्धा तिथनं मुकाट्यानं पुढं जायची. भर उन्हात, लख्ख उजेडात गल्ली अशी गपगार असायची, की नव्या माणसाला वाटावं इथं कुणीतरी गेलंय. मला सुरुवातीला त्या शांततेची फार भीती वाटायची. रात्रीची शांतता समजते, दुपारची समजत नाही.

आमचा अड्डा टोकाच्या क्वार्टरच्या ओट्यावर. तिथल्या वहिनींचे मालक फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारे. वहिनींना मूल नव्हतं. त्यांच्यासारखी थाप मारणारी बाई मी आजवर पाहिली नाही. आम्ही खोटं टाकताना समोरचीच्या तोंडाकडे बघायचो आणि सापडायचो. त्या हातातल्या पत्त्यांकडे अशा मायेनं बघायच्या, की राण्या खरंच तिथं असाव्यात. आमच्या पाठीशी त्यांचं लोटलेलं दार, दाराबाहेर पॉलिश केलेले बूट. मधूनच आतून खोकल्याची बारीक ढास यायची, कोळसा खाल्लेल्या छातीची. आली की वहिनी ओठावर बोट ठेवायच्या.

एकदा जेवताना मी सहज म्हणाले, टोकाच्या भावजींना डॉक्टरला दाखवायला पाहिजे, फार खोकतात. आमच्या मालकांनी घास खाली ठेवला. म्हणाले, तो माणूस दिवाळीच्या आधी गाडीवर मनमाडला गेला, तिथनं परत आलाच नाही. कामावर नाही, कुठंच नाही. रेल्वेचा कागद हलायला वेळ लागतो म्हणून क्वार्टर अजून तिच्याकडे आहे. मी दौंडला आले होते संक्रांतीनंतर.

दुसऱ्या दिवशी आमच्यात खेळणाऱ्या माझ्या शेजारणीला पाण्याच्या नळावर गाठलं. माझा राग राग झाला होता. मला एकटीलाच येडी बनवलं असं वाटत होतं. तिनं शांतपणे हंडा भरू दिला. म्हणाली, सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही एवढंच. वहिनींच्या थोरल्या दिरानं गावाहून, राहूहून, निरोप धाडला होता, भावाचा पत्ता नसेल तर खोली सोडून गावी यायचं. तिथं नवऱ्यानं टाकलेली म्हणून जन्मभर गोठा आणि दुसऱ्यांच्या चुली. राहूला गेले की मी संपले, असं वहिनी तिच्यापाशी एकदाच बोलल्या होत्या. म्हणून रोज सकाळी बूट बाहेर.

“मग खोकतं कोण?” मी विचारलं.

तिनं हंडा उचलून कमरेवर घेतला. “तूबी ऐकलास व्हय?” म्हणाली आणि चालू लागली.

तरी मी दुपारी ओट्यावर गेले. का गेले, तर खरं सांगायचं म्हणजे मला राहवेना. दाराकडे पाठ करून बसलं की मानेवर काटा यायचा, आणि तोच हवाहवासा वाटायचा. कुणीतरी आता चॅलेंज म्हणेल, दार उलटेल, असं रोज वाटायचं. कुणी म्हणत नव्हतं.

चैत्रात वहिनींचे थोरले दीर स्वतः आले. पांढरं धोतर, हातात पिशवी, घामानं निथळलेले. आम्ही पदर सारखे करून बाजूला सरकलो. ते बुटांकडे बघत उभे राहिले. गावात काय काय ऐकू येतंय म्हणून खात्री करायला आलोय, म्हणाले.

वहिनी उठल्या नाहीत, नुसता डोक्यावरचा पदर पुढे ओढला. “नाइट करून निजल्यात, दादा. आत्ताच डोळा लागलाय.”

“उठीव. दोन शब्द बोलतो आन् जातो.”

दिरांनी पिशवी खाली ठेवली आणि दाराकडे हात नेला. मी मनात म्हणाले, झालं, उलटला पत्ता.

तेवढ्यात आतून ढास आली. नेहमीसारखी बारीक, मग घशातला कफ मोकळा केल्याचा आवाज, मग खाटेची करकर.

दिरांचा हात खाली आला. चेहरा एकदम थोरल्या भावाचा झाला. झोपू दे, म्हणाले. खोकला बरा नाही, आडुळशाचा काढा देत जा. पिशवीतली गवार आमच्यापुढं ठेवली आणि स्टँडकडे चालते झाले. लांब जाईपर्यंत कुणी हललं नाही.

मग शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. भारी केलंत वैनी, आत कुणाला बसवलंत, म्हणाली. आम्ही सगळ्याच हसलो, सुटल्यासारख्या. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी ज्या आवाजात विचारलं तो त्यांच्या खेळातला आवाज नव्हता.

“आत कोन हाय?”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. रोजच्या सगळ्या ओट्यावरच होतो. शेजारीण धीट, ती दार ढकलायला उठली. वहिनींनी तिचं मनगट असं धरलं, की बांगडी पिचली.

“नगं. लोटलंय तवर हायेत ते. उघडलं की न्हाईत.”

मला त्यांची इतकी दया आली, आणि इतकी भीती वाटली, की कशाचं रडू येतंय ते कळेना. डाव तसाच टाकून आम्ही आपापल्या घरी जायला उठलो. मी पायरी उतरून मागं वळून पाहिलं. वहिनी दारासमोर उभ्या होत्या. त्यांनी केस सारखे केले, कपाळावरचं कुंकू बोटानं चाचपलं, आपल्याच दारावर हळूच टकटक केलं आणि ओ यायची वाट बघत थांबल्या.