बारा माग आणि एक गिटार

आमच्या बँडमध्ये आम्ही चौघे होतो आणि त्यातल्या एकालाच वाजवता येत होतं, हे आम्हाला तो गेल्यावर कळलं. जिवंत होता तोवर त्यानं ही गोष्ट आमच्यापासून बावीस वर्षं लपवून ठेवली.

बँड त्यानंच काढला. सोलापुरात रॉक बँड काढायचा म्हणजे पहिली अडचण जागेची. त्याच्या घरी खाली टॉवेलचा कारखाना होता, बारा मागांचा, आणि वर सगळं कुटुंब राहायचं. मागांच्या खडखडाटात ड्रम वाजले काय आणि न वाजले काय, शेजाऱ्यांना पत्ता लागत नसे. म्हणून मागांना लागून असलेल्या सुताच्या खोलीत आम्ही सराव करायचो. तो गिटार वाजवायचा आणि गायचा. बेस गिटारवाला शाळेत गणित शिकवतो, त्याला आम्ही ‘सर’ म्हणतो. कीबोर्डवाल्याचं नव्या पेठेत बांगड्यांचं दुकान आहे. मी ड्रमवर, आणि पोटासाठी कचेरीत कारकून.

आमचे जाहीर कार्यक्रम झाले मोजून तीन. दोन गणपतीत, तेव्हा समोरच्या मंडळाचं लेझीम रंगात आलं होतं. तिसरा एका कॉलेजच्या गॅदरिंगला, तिथं जनरेटर थेट स्टेजमागं ठेवला होता. तिन्ही वेळा आपण भारी वाजवलं, अशी आमची खात्री होती.

गेल्या वर्षी तो हार्ट अटॅकनं गेला. धड पन्नाशीही गाठली नाही. मी त्याच्यावर अजून चिडलेलो आहे. चिडलो नाही की रडू येतं, म्हणून चिडलेलंच बरं. त्याच्यामागं कारखाना बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळं माग विकून टाकावे लागले. वर्षश्राद्धाला महिना राहिला असताना त्याच्या आईनं आम्हा तिघांना बोलावून घेतलं. घरात ती तेलुगू बोलते, आमच्याशी मराठी. आम्ही तिला अम्मा म्हणतो आणि तिला आम्ही सगळेच ‘नायना’, म्हणजे बाळ.

“नायना, बावीस वरीस माज्या पायाखाली वाजवला त्यो,” ती म्हणाली. “मला मागाबिगर कायबी आयकू आलं न्हाय. आता त्येचं एक गाणं मला आयकवा की. एकच.”

आम्ही छातीवर हात ठेवून हो म्हटलं. एक काय, अकरा ऐकवू म्हणालो. अकराच होती.

सरावाला जुळे सोलापुरातल्या माझ्या सोसायटीचं पार्किंग ठरलं. रविवारी सकाळी तिघं जमलो, काड्या आपटून मी चार आकडे मोजले आणि आम्ही सुटलो. मिनिटभरानं आपोआप थांबलो. एकमेकांचं वाजवणं आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

“तू हे वाजवत होतास बे?” कीबोर्डवाल्यानं सरांना विचारलं.

“बावीस वर्षं हेच वाजवतोय,” सर म्हणाले. “तू काय वाजवतोयस ते सांग आधी. ते गाणं वेगळंच आहे.”

मग दोघंही माझ्याकडं वळले. माझं तर बोलायलाच नको. सुरुवातीला मी सावकाश जायचो आणि घाम येईल तसा पळत सुटायचो. ठोका मागांचा होता, बाराच्या बारा, आणि त्याच्यावर मी नुसता काड्या मारत होतो. माग गेले आणि माझा तालही त्यांच्याबरोबर टेम्पोत बसून गेला. आवाज ऐकून सोसायटीचे चेअरमन धावत खाली आले, सगळ्या गाड्यांना फेरी मारून कुठं ठोकली नाही ना ते बघून गेले.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात लख्ख झाली. माग आठवड्यातून एक दिवस बंद असत, पण त्या दिवशी तो सराव ठेवायचा नाही. “सुट्टी म्हंजे सुट्टी, गिटारलाबी,” म्हणायचा. आम्हाला वाटायचं, आळशी आहे लेकाचा. त्याचा कान पक्का होता. त्याला सगळं माहीत होतं, आणि आम्हाला ते कळू नये म्हणून शांततेच्या दिवशी तो कुलूप लावत होता. इतकं आमचं कुणी जपलं नसेल. आमच्या बायकांनी तर नाहीच.

तरी नाही म्हणायची सोय नव्हती. सत्तरी ओलांडलेली बाई पोराचं गाणं पहिल्यांदा ऐकणार, आणि ती आमच्याकडून ऐकणार. आम्ही घाण केली तर तिच्या डोक्यात तो कायमचा तसाच बसणार. मला झोप येईना.

गाणं निवडणं सोपं गेलं. अकरातल्या सहांत घरच्या धंद्याला शिव्या होत्या, तिनांत वीजवाल्यांना. एक ज्या मुलीवर होतं, ती आता नात्यातच पडली होती आणि वर्षश्राद्धाला जेवायला येणार होती. उरलं सोलापूरच्या उन्हावरचं. सर गाणार असं ठरलं. पण मधे त्याची गिटार एकटीच वाजायची, तो तुकडा कुणाला येईना. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं, तर त्यात चार मिनिटं फक्त बारा माग. कीबोर्डवर करून बघितलं, तर वरात दारात आल्यासारखं वाटलं.

“तिथं आपण शांत राहू,” सर म्हणाले. “आदर म्हणून.”

आदर कसला! येत नव्हतं म्हणून. पण ऐकायला बरं वाटलं. सरांनी हिशेब करून सोळा मात्रा शांतता नेमली आणि त्या मनात मोजायचं काम नेमकं माझ्यावर टाकलं.

वर्षश्राद्धाला त्याच्या मोठ्या चुलत्यांनी भजनी मंडळ सांगितलं होतं आणि आम्हाला त्यांच्यानंतर, जेवणाच्या आधी उभं केलं. पखवाजवाले आजोबा माझ्या ड्रमभोवती एक फेरी मारून म्हणाले, “ह्येला पायबी लागतेत व्हय?” मी म्हटलं, “लागतेत की.” त्यांनी माझ्याकडं कीव येऊन बघितलं.

अम्मा पुढच्या खुर्चीत. आम्ही सुरू केलं. मी घामाला अजिबात दाद द्यायची नाही असं ठरवलं होतं, आणि अर्धं गाणं बऱ्यापैकी गेलं. मग ती जागा आली. थांबलो. एक, दोन, तीन... सहावर मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. चुलते माईक घेऊन, “पानं मांडल्यात, बसून घ्यावं,” म्हणाले. मी घाबरून अकरालाच काडी मारली, बाकीचे दोघं धडपडत मागून आले, आणि उठलेले लोक दुसरं गाणं आहे समजून परत बसले.

संपल्यावर सर दातओठ खात होते. “सोळा म्हणजे सोळा बे! पाचवीचं पोर मोजतंय.”

तेवढ्यात अम्मानं हात केला. तिघंही खाली मान घालून तिच्यापुढं गेलो.

“चांगलं केलं नायना,” ती म्हणाली. “ह्यातलं माज्या पोराचं कुटलं?”

शब्द त्याचे, चाल त्याची, सगळंच त्याचं, असं मला म्हणता आलं असतं. पण तिला त्याचा हात कुठं होता ते हवं होतं, आणि तिच्याशी खोटं बोलवेना.

“मदी थांबलो न्हवं का अम्मा,” मी म्हटलं, “तितं त्यो वाजवायचा.”

मला वाटलं, आता रडते. पण तिनं पदर सारखा केला आणि खुर्चीत नीट बसली.

“मंग परत वाजवा,” ती म्हणाली. “आन् तितं लई येळ थांबा.”

पानं वाढून झाली होती. चुलते लांबून हातवारे करत होते. आम्ही परत सुरू केलं, होतं तसंच वेडंवाकडं, आणि मधे आल्यावर थांबलो. सरांनी मला मोजू नको म्हणून खुणावलं आणि डोळ्यांनी अम्माकडं दाखवलं. अम्मानं मान हलवली की पुढं जायचं. टाळी कुणी वाजवली नाही. पंगतीतला भात गार होत होता, आम्ही तिघं हात वर धरून तिच्याकडं बघत होतो, आणि अम्मा डोळे मिटून बसलेली, मान काही हलवेना.