आत्याआजीच्या लग्नाची दारू

आज सकाळी आत्याआजी गेली. तिच्या लग्नाची दारू अजून जमिनीतच होती.

शंभरीला टेकलेली बाई. लग्न झालंच नाही.

ही माझ्या आजोबांची मोठी बहीण, काशी. रेवदंड्यात आमचा माडाची माडी काढून विकायचा पिढीजात धंदा. तिचा बाप, म्हणजे माझे पणजोबा, मात्र बोटीवर खलाशी झाले. गोष्ट तीसच्या आसपासची, इंग्रजांच्या काळातली.

एका फेरीत बोट बल्गेरियाच्या वार्ना बंदरात अडकली. तिथली रेड वाइन त्यांना आंबट लागली. राकियावर मात्र जीव जडला. राकिया म्हणजे आलुबुखाराची गाळलेली दारू.

तिथली एक रीतही आवडली. मूल झालं की राकिया भरून ठेवायची, ती त्याच्या लग्नातच काढायची.

घरी आले तर काशी जन्मलेली.

आलुबुखार इथे कुठला? त्यांनी जांभळं आंबवली, चोरून भट्टी लावली. दारू गाळणं आमच्या घरात हातचा मळ. चिनी मातीची बरणी भरली, लाखेने बंद केली आणि मागीलदारी फणसाच्या रोपाशेजारी पुरली.

पणजीला म्हणाले, "काशीच्या लग्नात मीच काढीन. मी मेलो तरच दुसऱ्यानं हात लावाचा."

काशी परकर नेसायला लागली तेव्हा बोटीवर गेले, ते आलेच नाहीत. पत्र नाही, बॉडी नाही, काही नाही.

पुढे स्थळं आली. चांगली आली. पणजीचं उत्तर एकच, "तिचा बा येऊंदे."

शेजारणी म्हणायच्या, "आगो, बरनी काढ नि पोरीला उजव."

"बरनी काढली म्हंजी मीच माजा कुकू पुसला."

बरणी जमिनीत, तोवर कुंकू कपाळावर. यात पोरीचं काय, हे कुणी विचारलं नाही. मला याचा अजून राग येतो.

पणजी सवाष्ण म्हणूनच गेली, हिरव्या साडीत. काशी तोवर चाळिशीपार.

मी एकदा आत्याआजीला म्हटलं, "उकरूया का? टेस्ट तर बघू."

"नको," ती म्हणाली. "जलमभर त्या बरनीवर रागवले. चांगली निंगाली, तर मी कुनावर रागवू?"

आज तिला उचलायच्या आधी मी कुदळ घेतली. म्हटलं, लग्न नाही तर नाही, चितेवर तरी ओतू. तिचीच आहे.

बरणी सापडली. फणसाच्या मुळाने कधीच फोडलेली. आत नुसती माती.

पणजी जिवंत असतानाच फुटली असेल कदाचित. मायलेकी जन्मभर कशाची राखण करत बसल्या?

सासरी जाणाऱ्या मुलीची ओटी भरतात. मी त्यातली मूठभर माती तिच्या पदरात बांधली.

जा, आत्याआजी. आता कुणाची वाट बघू नकोस.